पोचा आलेले डबे

शनिवारी सकाळी साडेसातला एमरिस
कापडी पिशव्या काखेत मारून उभा असतो
लानेली स्टेशनामागच्या त्या दुकानापाशी,
जिथे मुदत संपायला टेकलेला माल येतो.
चोवीस डब्यांचा खोका. साखर शून्य. साडेतीन पौंड.
मोठ्या दुकानात तोच सातला.
मोठ्या दुकानाची स्वतःच्या छापाची बाटलीही आहे,
दोन लिटर, पंचावन्न पेन्स,
पण ती, एमरिस म्हणतो,
झाकण फिरवताच आचके देते
आणि जेवणाच्या वेळेपर्यंत मरून पडते.

चाळीस वर्षं पत्र्याच्या कारखान्यात होता.
पत्र्याची जाडी बोटांनी सांगायचा.
अजूनही प्रत्येक डब्यावर अंगठा फिरवतो.
पोचा चालेल, पोचा म्हणजे सवलत.
फुगलेला नको.
मग खिशातून लोहचुंबक काढून लावतो.
चिकटत नाही.
"आपला पत्रा नव्हे," म्हणतो,
दर शनिवारी, जणू आजच कळलंय.

गाडी माझी. पेट्रोल माझं.
या हिशेबात ते कुणी धरत नाही.

मागच्या सीटवर मॉरव्हिड, माझी नणंद.
"विष आहे विष," ती सुरू करते
पहिल्या सिग्नलच्या आधीच.
"ज्याचं नाव वाचता येत नाही
ते पोटात घालू नये."
"आपल्या गावांची नावं तरी
बाहेरच्या कुणाला वाचता येतात?" एमरिस विचारतो.
"म्हणून काय गावं विषारी?"

मग उंदीर येतात.
कुठल्याशा प्रयोगशाळेतले, हे पिऊन आजारी पडलेले.
एमरिसला जाणून घ्यायचं असतं
की उंदराला इतके डबे परवडले कसे.
मॉरव्हिड म्हणते, हसू नकोस,
याने भूक वाढते, आतड्यातले चांगले जंतू मरतात,
जिभेला फसवलंस तरी शरीर फसत नाही.
हे सांगताना तिच्या मांडीवर
मनुका घातलेल्या गोड भाकऱ्यांची पुडी उघडी असते,
कोटावर साखर सांडलेली.

दवाखान्यातल्या नर्सलाही विचारून झालं.
ती म्हणाली, "साखरेपेक्षा बरं. पाण्यापेक्षा वाईट."
दोघंही जिंकल्याच्या थाटात बाहेर पडली.

मी बोलत नाही.
मला आठवतो तो पंचविशीतला एमरिस,
भट्टीजवळच्या पाळीवरून परतणारा,
अंगावर मिठाचे पांढरे डाग,
संत्र्याच्या लालभडक सरबताच्या तीन बाटल्या
उभ्या उभ्या रिचवणारा.
तेव्हा ती ताकद होती. सगळेच म्हणायचे.
दोन वर्षांपूर्वी डाव्या पायाची करंगळी काढली.
त्या दिवशी घरी आला, खुर्चीत बसला,
बुटाकडे बघत राहिला खूप वेळ.
मग म्हणाला, एक डबा दे.
टच्. फस्स.
डोळे मिटून तो आवाजच प्याला आधी.

खरं सांगू, मलाही एकदा चाखायला दिला होता त्याने.
गोड होतं. पण त्या गोडाला
मागे कुणी नव्हतं.
फोन वाजावा, उचलावा,
आणि पलीकडून नुसता श्वास यावा तसं.
मी ग्लास संपवला. फुकट घालवायचा कसा?

मागच्या शनिवारी दुकानाचं शटर बंद.
कागदावर एक ओळ: धंदा बंद केला आहे, आभार.
एमरिसने ती दोनदा वाचली.
चुंबक शटरला लावून बघितलं.
घट्ट बसलं.
काढायला त्याला जरा वेळ लागला.
परतताना गाडीत उंदीर निघाले नाहीत.

बुधवारी रात्री मॉरव्हिडचा फोन.
घाईत होती, दबक्या आवाजात,
कुणाची लफडी सांगताना बोलते तशी.
स्वान्सीला, बंदराच्या वाटेवर, गोदामात,
चोवीसचा खोका तीन पौंड.
"विषच आहे," म्हणाली,
"पण तीनला आहे. त्याला सांग."

स्वान्सी बारा मैल.
जाऊन येऊन चोवीस.
डब्यामागे एक मैल, मी मनात म्हटलं,
आणि टाकी भरायला निघाले.